निनादाचे मापन आणि नागपूरच्या वास्तू

सभागृहात उच्चारलेला शब्द बोलणारा थांबल्यावरही भिंती, छत आणि जमीन यांवरून पुनःपुन्हा परावर्तित होत काही काळ रेंगाळतो. या रेंगाळण्यास निनाद म्हणतात, आणि ध्वनीची तीव्रता मूळच्या दशलक्षांशावर येण्यास लागणारा वेळ म्हणजे निनादकाल होय. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी 1895 पासून रात्रीच्या शांततेत ऑर्गनची नळी वाजवून, तिचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजला. खोलीतील गाद्यांची संख्या बदलत केलेल्या या प्रयोगांतून त्यांनी असा नियम मांडला की, निनादकाल खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात, तर पृष्ठभाग व माणसे यांनी केलेल्या ध्वनिशोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो.

भारतात वास्तूंमधील ध्वनीचा शास्त्रीय विचार करणाऱ्यांत चंद्रशेखर वेंकट रामन यांचे स्थान अग्रभागी आहे. वित्त खात्यातील अधिकारी म्हणून ते 1910 मध्ये नागपूरला बदलून आले होते. पुढे 1921 मध्ये त्यांनी लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधील सज्जाचा, आणि मायदेशी परतल्यावर विजापूरच्या गोलघुमटासारख्या वास्तूंचा अभ्यास केला. वर्तुळाकार भिंतीला लगटून जाणारी कुजबूज समोरच्या टोकाला स्पष्ट का ऐकू येते, हा त्या अभ्यासाचा विषय होता.

नागपुरात हाच प्रश्न दीक्षाभूमीच्या स्तूपाच्या संदर्भात उभा राहतो. वास्तुविशारद शिवदान मल यांनी रचलेल्या आणि 18 डिसेंबर 2001 रोजी उद्घाटन झालेल्या या पोकळ स्तूपाचा व्यास 120 फूट, म्हणजे सुमारे 36.6 मीटर आहे. केंद्रापासून भिंतीपर्यंत जाऊन परत येण्यास ध्वनीला सुमारे 0.1 सेकंद लागतो. मूळ ध्वनी आणि प्रतिध्वनी कानाला वेगळे ओळखता येण्यासाठी किमान एवढेच अंतर लागते. शिवाय गोलाकार पृष्ठभागावरून परतणारे ध्वनितरंग केंद्राकडे एकवटतात, त्यामुळे श्रोत्याची जागा बदलली की श्रवणानुभवही बदलतो.

सीताबर्डीचे जुने धनवटे रंगमंदिर पाडले गेले आणि त्या जागी विदर्भ साहित्य संघाचे संकुल उभे राहिले. पाडलेल्या रंगमंदिराचे नकाशे व छायाचित्रे जपता येतात, परंतु त्याचा निनाद हयातीतच मोजावा लागतो. म्हणून शहरातील प्रत्येक महत्त्वाच्या सभागृहाच्या निनादकालाची नोंद करून ती त्याच्या नकाशांसोबत जतन करणे, हे नागपूरच्या संस्थांनी आपले कर्तव्य मानले पाहिजे.