होनाजी बाळा

होनाजी बाळा : (अठराव्या शतकाचा उत्तरार्ध – एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध). पेशवाईच्या अखेरच्या काळातील पुण्याचे प्रसिद्ध लावणीकार व गायक. हे एका व्यक्तीचे नाव नसून तमाशाच्या एका फडातील दोघा भागीदारांचे जोडनाव आहे. होनाजी सयाजी शिलारखाने हा रचनाकार आणि बाळा कारंजकर हा गायक. होनाजी जातीने गवळी व बाळा शिंपी होता. पहिल्याने लावण्या रचाव्यात व दुसऱ्याने त्या फडावर गाव्यात, अशी त्यांची विभागणी होती. मराठी घराघरांत पहाटे गाइली गेलेली कृष्णाची भूपाळी आणि बैठकीत गाण्याजोगी रागदारीची लावणी, या दोन गोष्टींमुळे मराठी वाङ्मयाच्या व संगीताच्या इतिहासात या जोडीस महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे.

होनाजीच्या घरात दूधदुभत्याच्या व्यवसायाबरोबरच लावणीरचनेचीही परंपरा होती. त्याचा आजोबा व चुलता हेही लावण्या करीत असत. त्यामुळे ढोलकी, डफ, तुणतुणे व झांज यांच्या साथीने चालणारा तमाशाचा फड, त्यातील मुख्य गायक, त्याच्या मागे सूर धरणारे झिलकरी, स्त्रीवेष घेऊन नाचणारा पोर आणि हजरजबाबी सोंगाड्या यांच्या सहवासातच त्याची जडणघडण झाली. लावणीचे छंद, चाली व ठेके त्याने ग्रंथांवरून नव्हे, तर फडात ऐकून आत्मसात केले. त्याच्या रचनेतील नादमाधुर्य व सहजता यांचे मूळ या संस्कारात आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे हे मराठी सत्तेचे केंद्र होते. सरदार, सावकार, शिलेदार, कारकून व कारागीर यांची येथे दाट वस्ती झाली. स्वाऱ्यांवरून परतलेल्या शिपायाच्या हाती रोख पैसा असे व त्याला करमणूक हवी असे. या परिस्थितीत तमाशाचे अनेक फड उदयास आले व त्यांच्यात चुरस निर्माण झाली. होनाजीच्या समकालीन शाहिरांत राम जोशी व प्रभाकर हे ब्राह्मण, परशराम हा शिंपी, तर सगनभाऊ हा मुसलमान शिकलगार होता. पंक्तीत व पाणवठ्यावर जातींची बंधने कडक असलेल्या या शहरात फड हे भिन्न जातींच्या माणसांनी एकत्र येऊन काम करण्याचे एक ठिकाण होते. गवळ्याने रचावे, शिंप्याने गावे आणि पेशव्याने ऐकावे, ही घटना त्या दृष्टीने लक्षणीय आहे. मात्र फडावरील या एकोप्याने समाजातील जातिव्यवस्थेस धक्का बसला असे म्हणता येत नाही. शाहिराचे कौतुक होई. पण तमाशाच्या पेशाकडे प्रतिष्ठित समाज कमीपणानेच पाही.

जोडनावाची पद्धत या फडापुरती मर्यादित नव्हती. प्रभाकराने ज्यासाठी रचना केल्या तो फड गंगु हैबती या नावाने ओळखला जाई. लावणीच्या शेवटच्या कडव्यात नाममुद्रा घालण्याची प्रथा सर्वच फडांत होती. ही मुद्रा आजच्या अर्थाने केवळ लेखकाची स्वाक्षरी नव्हती. श्रोत्यांना फडाची ओळख पटविणे, प्रतिस्पर्धी फडास आव्हान देणे व चीज दुसऱ्याने उचलल्यास आपला हक्क सांगणे, अशी तिची प्रयोजने होती. छापील पुस्तक नसलेल्या काळात गीताचे कर्तृत्व टिकविण्याचे हे एकच साधन शाहिराच्या हाती होते. होनाजीने या मुद्रेत आपल्या नावाबरोबर बाळाचे नाव गुंफले आणि त्यामुळेच बाळाची स्मृती शिल्लक राहिली. बाळाचा आवाज, त्याच्या हरकती व चाली यांपैकी काहीही लिहून ठेवले गेले नाही. ते शक्यही नव्हते. लावणी ही शब्द व गायन या दोहोंनी मिळून सिद्ध होते, याची जाणीव या जोडनावातून व्यक्त होते.

या पद्धतीमुळे अभ्यासकांपुढे काही अडचणीही उभ्या राहिल्या. लोकप्रिय मुद्रा दुसऱ्याच्या रचनेस जोडणे सोपे असल्याने त्या नावावरील प्रत्येक लावणी होनाजीचीच असेल असे नाही. लावण्या प्रामुख्याने फडकऱ्यांच्या मुखात व हौशी लोकांनी उतरून घेतलेल्या बाडांत टिकल्या. एकाच लावणीची कडवी निरनिराळ्या बाडांत वेगवेगळ्या क्रमाने आढळतात व शब्दही बदललेले दिसतात. पाठनिश्चिती करताना त्यामुळे मुद्रेबरोबरच भाषा, छंद व रचनेची धाटणी यांचाही विचार करावा लागतो.

दुसरा बाजीराव १७९६ मध्ये पेशवेपदावर आला. त्याची कारकीर्द राजकीय दृष्ट्या दुबळी होती. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकराने हडपसर येथे पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वसईच्या तहाने पेशवा इंग्रजांचा आश्रित बनला. तथापि गायन, नृत्य व लावणी यांचा तो शौकीन होता व शाहिरांना त्याने उदार आश्रय दिला. होनाजीस त्याच्याकडून वर्षासन मिळत असे. बाजीरावाच्या प्रोत्साहनाने होनाजीने रागदारीवर आधारलेल्या लावण्या रचल्या आणि ढोलकीच्या जागी तबल्याची साथ घेण्याची प्रथा पाडली, असे परंपरेने मानले जाते.

या बदलाचा अर्थ केवळ वाद्य बदलले एवढाच नाही. ढोलकीची लावणी उघड्या पटांगणात, मोठ्या जमावापुढे व नाचाच्या अंगाने रंगते. तिची लय चढती व आवाज खडा असतो. बैठकीत श्रोते थोडे व जवळ बसलेले असतात. तेथे शब्द सावकाश खुलविता येतो, एकच ओळ निरनिराळ्या भावांनी घोळविता येते व सुरावटीला वाव मिळतो. बैठकीच्या लावणीची जी परंपरा पुढे विकसित झाली, तिच्या आरंभकाळात होनाजी बाळा यांच्या कामगिरीचा उल्लेख करावा लागतो. राजाश्रयामुळे लावणीस संगीतदृष्ट्या समृद्धी लाभली. तसेच आश्रयदात्याच्या आवडीनुसार विलासवर्णनाकडे तिचा ओढाही वाढला. या दोन्ही गोष्टी एकाच कारणातून उद्‌भवल्या आहेत.

होनाजीच्या लावण्यांचा मुख्य विषय शृंगार आहे. पती स्वारीवर गेल्याने झुरणारी स्त्री, पहिल्या भेटीचा संकोच, रुसवा व मनधरणी, अपत्यासाठी केलेले नवससायास अशा प्रसंगांतून त्याने स्त्रीमनाचे चित्रण केले. त्यातील काही वर्णने उत्तान आहेत, हे नाकारता येत नाही. परंतु विरहाच्या लावण्यांतून सततच्या मोहिमांनी घरसंसारावर आलेला ताणही प्रतीत होतो. बखरी व पोवाडे यांत लढणाऱ्याची बाजू येते. मागे राहिलेल्या स्त्रीची बाजू प्रामुख्याने लावणीत सापडते. राम जोशीच्या रचनेत पांडित्य व संस्कृतप्रचुर शब्दकळा आढळते. त्या तुलनेने होनाजीची भाषा साधी, बोलीला जवळची व गेय आहे. अनुप्रास व यमके त्याच्याकडे विपुल आहेत, तथापि अर्थाला ती सहसा जड होत नाहीत.

शृंगारिक लावणीसाठी गाजलेल्या या शाहिराचे सर्वांत टिकाऊ गीत मात्र भक्तिपर आहे. कृष्णास पहाटे जागविणारी ही भूपाळी होय. भूपाळी या प्रकाराचे नाव भूप रागाशी जोडले जात असले, तरी ती देवाला उठविण्यासाठी प्रातःकाळी म्हणावयाची असते. होनाजीच्या भूपाळीत सूर्योदय, गाई, गोप व गोकुळातील जाग यांचे वर्णन येते. कवी स्वतः गवळी असल्याने गोठ्यातील पहाट त्याच्या नित्य अनुभवातील होती व त्यामुळे वर्णनास जिवंतपणा आला आहे. या भूपाळीच्या अखेरीसही होनाजी बाळा हीच जोडमुद्रा आहे. ज्या घरांत तमाशाचे नाव काढणे वर्ज्य मानले जाई, त्या घरांतही फडाच्या मुद्रेसह ही भूपाळी देवापुढे म्हटली गेली. शाहिरी वाङ्मय व संतपरंपरेचे भक्तिगीत यांत पुढे जी कठोर विभागणी करण्यात आली, ती मूळ रचनाकारांना व श्रोत्यांना तशी जाणवत नसावी, असे यावरून दिसते. तमाशातील गण व गवळण यांतही ईशस्तवन व कृष्णकथा यांना स्थान आहेच.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली व शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. जून १८१८ मध्ये बाजीराव शरण आला आणि सालिना आठ लाख रुपयांच्या निवृत्तिवेतनावर कानपूरजवळील ब्रह्मावर्त (बिठूर) येथे गेला. पुण्याचा दरबार संपला. सरदारांची पथके मोडली, शिपाई बेकार झाले व दौलतजादा करणारे हात आखडले. फडांना खेड्यांतील जत्रा व उरलेल्या संस्थानिकांचे दरबार यांचा आधार घ्यावा लागला. होनाजीस बडोद्याच्या गायकवाडांचा आश्रय मिळाला. पेशवाई बुडाल्यानंतरही सुमारे पंचवीस वर्षे तो हयात होता. १८४४ मध्ये पुण्यात त्याचा अंत झाला असे मानतात. त्याच्या उत्कर्षाचा मत्सर वाटणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांनी मारेकरी घालून त्याचा वध करविला, अशी कथा रूढ आहे. तिच्या तपशिलांविषयी एकवाक्यता नाही. परंतु फडांमधील स्पर्धा किती तीव्र होती, याची ती सूचक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नवशिक्षित वर्गाने लावणी ग्राम्य व अश्लील ठरविली. शाहिरी वाङ्मयापैकी वीररसाच्या पोवाड्यांना इतिहासाचे साधन म्हणून प्रथम मान्यता मिळाली. एच. ए. ॲक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळिग्राम यांनी पुढे शाहिरांच्या लावण्याही संपादित केल्या. यशवंत नरसिंह केळकर यांचा अंधारातील लावण्या हा संग्रह व म. वा. धोंड यांचा मऱ्हाटी लावणी हा विवेचक ग्रंथ, ही दोन्ही पुस्तके १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. धोंड यांनी लावणीचा विचार तिच्या गायनप्रकारांच्या अंगाने केल्यामुळे होनाजी बाळा यांच्या कामगिरीकडे पाहण्याची दृष्टी अधिक व्यापक झाली.

व्ही. शांताराम यांच्या अमर भूपाळी (१९५१) या चित्रपटाने होनाजीचे नाव नव्या पिढीस परिचित करून दिले. वसंत देसाई यांनी स्वरबद्ध केलेली भूपाळी लता मंगेशकर व पंडितराव नगरकर यांच्या आवाजांत सर्वदूर पोहोचली. हा चित्रपट १९५२ मध्ये कान येथील चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला. चिं. य. मराठे यांचे होनाजी बाळा हे संगीत नाटकही १९५४ मध्ये रंगभूमीवर आले. चित्रपटात होनाजीची भूमिका नगरकर या गायक नटाने केल्यामुळे गाणारा होनाजी लोकांच्या मनात ठसला. वस्तुतः फडात गाण्याचे काम बाळाचे होते. भूपाळीची आज प्रचलित असलेली चाल चित्रपटातील असून बाळाची मूळ चाल काळाच्या ओघात नष्ट झाली आहे. होनाजीचे शब्द बाडांनी व छापखान्याने राखले. बाळाचा वाटा मात्र केवळ जोडमुद्रेतील त्याच्या नावानेच सूचित होतो. म्हणून या लावण्यांचा विचार करताना हे नाव अखंड ठेवणेच इतिहासास धरून आहे.