कर्त्याचे नाव

कर्जतहून राजमाचीच्या पायथ्याकडे निघालात की डोंगराच्या कुशीत कोंडाण्याची लेणी लागतात. दोन हजार वर्षांपूर्वीची ही बौद्ध लेणी. चैत्यगृह सुमारे 66 फूट खोल. पण आज तुम्हांला आत नेत नाही. दर्शनी भागाच्या डाव्या अंगाला यक्षाचे एक भग्न मस्तक आहे, त्याच्याशेजारी ब्राह्मी लिपीत छोटीशी ओळ कोरली आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच तिचा अर्थ. आपल्या लेण्यांत दात्यांची नावे पुष्कळ सापडतात. कुणी खांब दिला, कुणी पाण्याची पोढी दिली. छिन्नी धरणाऱ्याचे नाव मात्र विरळाच.

तुम्ही म्हणाल, नभोवाणीच्या गोष्टीत हा बलक कुठून आला? सांगतो.

1949 साली ‘महल’ चित्रपट आला. त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापले होते ‘कामिनी’. ते तर पडद्यावरच्या पात्राचे नाव! श्रोत्यांनी रेडिओकडे पत्रांचा वर्षाव केला, ‘ही गाते कोण?’ शेवटी तबकडीच्या कंपनीकडे चौकशी झाली आणि लता मंगेशकर हे नाव ध्वनिक्षेपकावरून सांगितले गेले. म्हणजे बघा, नाव मागितले ते ऐकणाऱ्यांनी.

पुढे मात्र प्रकरण चिघळले. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. माणूस आपला मराठी, शास्त्रीय संगीताचा भक्त. चित्रपटगीतांना त्यांनी आकाशवाणीवर कात्री लावली. शिवाय चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, सबब गायकाचेच नाव सांगावे, असे ठरले. निर्माते चिडले, त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. मग काय, श्रोते सिलोनकडे वळले. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षाअखेरीस सुरू झाली. केसकरांना नुसते खलनायक ठरवणे मला पटत नाही. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळातला. पण श्रोत्याचा कान त्यांनी ओळखला नाही, हे खरे. 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविधभारती आली, तेव्हा कुठे ही गाणी घरी परतली.

अन् गीतकार? पुणे केंद्रावर 1955-56 मध्ये ‘गीतरामायण’ झाले, तेव्हा माडगूळकर आणि फडके ही दोन्ही नावे घराघरांत एकदमच पोचली. हिंदीत मात्र गायकाबरोबर कवीचेही नाव घ्या, म्हणून साहिर लुधियानवींना हट्ट धरावा लागला. नावापाठोपाठ पैशाचा प्रश्न येतोच. प्रसारणातून मिळणाऱ्या मानधनात गीतकार-संगीतकारांचा वाटा कायद्याने पक्का झाला तो थेट 2012 च्या दुरुस्तीने. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले.

कर्जतलाच कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी 2005 साली स्टुडिओ उभारला. तिथे लाकूड आणि प्लास्टरचे किल्ले दगडी भासावेत असे बांधले गेले. कोंडाण्याला नेमके उलटे, दगड लाकडासारखा कोरलेला! ते किल्ले उभे करणाऱ्या सुतार-रंगाऱ्यांची नावे श्रेयनामावलीत किती वेगाने सरकतात, पाहिलेत ना?

राजमाची चढणारे पुष्कळजण या लेण्यांवरून तसेच पुढे जातात. तुम्ही गेलात तर चैत्याच्या डावीकडे जरा थांबा. यक्षाचा चेहरा झिजला आहे. अक्षरे शोधावी लागतील.