रेनकोट कुणाच्या मापाचा?

मृग तोंडावर आला की ग्रामसंघाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. ताई, गाडीवर घालायला रेनकोट कोणता घ्यावा? स्वस्तही पाहिजे आणि आत पाणीही यायला नको. आशा ताई, सीआरपी, बँक सखी, सगळ्यांनाच आता गाडी चालवावी लागते. बीड शहरात रेल्वे आली तीच मुळी १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. तोवर एसटी, काळीपिवळी, नाहीतर आपली गाडी. वाड्या-तांड्यांवर तर अजूनही तेच आहे. म्हणून आज रेनकोटची गोष्ट मुळापासून सांगते. दुकानात काय बघायचं ते या गोष्टीतूनच कळतं.

"दुष्काळी जिल्ह्याला कसला आलाय रेनकोट!" असं घरातली माणसं हसून म्हणतात. पण आपला पाऊस कसा आहे ते आपल्याला ठाऊक आहे. चार-चार आठवडे तोंड फिरवतो आणि आला की एका दुपारी सगळी कसर भरून काढतो. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणेनं काय केलं ते सांगायची गरज नाही. रोज रिमझिम पडणाऱ्या मुलखात हलका कोट चालून जातो. इथं मात्र वर्षातून थोडेच दिवस लागतो, पण त्या दिवशी खरा उतरावा लागतो.

आपल्या भागातला जुना रेनकोट म्हणजे घोंगडी. मेंढ्या धनगरांच्या, लोकर कातरायची त्यांनी, सूत कातायचं मुख्यतः बायांनी, विणायचं सणगरांनी. विणून झाली की चिंचोक्याची खळ देऊन ती ताठ करायची. लोकरीत मुळातच मेणासारखा चिकट अंश असतो, त्यामुळं पहिलं पाणी वरून ओघळून जातं. घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतली की पाठ झाकते, हात मोकळे राहतात. भिजली तरी आत ऊब टिकते. पण एकदा पाणी प्याली की वजन एवढं होतं की मान अवघडते. कोकणात भातलावणीला बाया इरलं घेतात, बांबूच्या कामट्या आणि पानांचं. तेही वाकलेल्या पाठीचं माप बघूनच केलेलं. जुन्या वस्तूंत ही एक गोष्ट चांगली होती. काम कोण करतं आणि कसं वाकून करतं, हे करणाऱ्याला माहीत होतं.

पण घोंगडीला पैसा लागायचा. घरात एखादीच असायची आणि ती कारभाऱ्याच्या किंवा गुराख्याच्या खांद्यावर. खुरपणाऱ्या बाईच्या डोक्यावर पोत्याची खोळ. गोणपाटाच्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात सारला की झाली टोपी. पुढं खताची प्लास्टिकची पोती आली, मग प्लास्टिकचा कागद आला. कोयत्यावर जाणाऱ्या आपल्या बाया दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघताना कोपीवर टाकायला कागद घेतात. अवकाळी पाऊस आला की त्यातलाच तुकडा लेकरावर टाकायचा, उरला तर स्वतःच्या पाठीवर.

शिवलेल्या रेनकोटाची गोष्ट मात्र लांबून येते. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश या रसायन कारखानदारानं १८२३ मध्ये एक पेटंट घेतलं. कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नॅफ्थामध्ये रबराचा चीक विरघळवायचा आणि दोन कापडांच्या मध्ये तो थर द्यायचा. कापडातून पाणी जाईना. पण त्या कोटांना तीन खोडी होत्या. उन्हात चिकट व्हायचे, थंडीत कडक व्हायचे. आणि शिंप्यानं शिवले की सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत यायचं. पहिल्या दोन खोडी रबर आणि गंधक एकत्र तापवण्याच्या युक्तीनं गेल्या. ती अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये सापडली. तिसरी, शिवणीची खोड, आज दोनशे वर्षांनीही स्वस्त रेनकोटात जशीच्या तशी आहे. हे नीट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आपल्या देशात हे कोट आधी विलायतेतून यायचे, साहेबाच्या अंगावर शोभायचे. १९२० मध्ये कलकत्त्यात सुरेंद्रमोहन बोस यांनी बेंगॉल वॉटरप्रूफ नावाचा कारखाना काढला. स्वदेशीचा काळ होता. त्यांचा 'डकबॅक' हा छाप नंतर देशभर गेला. तुमच्यापैकी काहींच्या आजोबांकडं तो जाड, रबराचा वास मारणारा काळा-निळा कोट असेल. तोही पुरुषी मापाचाच.

स्वस्ताई आणली ती प्लास्टिकनं. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी ठिसूळ पीव्हीसी मऊ करायची युक्ती शोधली. बाजारात लटकणारे चकचकीत, घडीवर चिरणारे कोट त्याच जातीचे. नंतर नायलॉन-पॉलिस्टरच्या कापडाला आतून थर देऊन केलेले हलके कोट आले.

आता गाडीकडं येऊ. चालणाऱ्या माणसावर पाऊस वरून पडतो. गाडीवरच्या माणसावर तो समोरून येतो. मोठा थेंब ताशी साधारण ३० किलोमीटर वेगानं खाली येतो आणि आपण ५० च्या वेगानं त्याच्या अंगावर जातो. म्हणजे पाणी डोक्यापेक्षा छातीवर, गळ्यात, चेनीवर आणि मांडीवर जास्त आदळतं. बसल्यावर मांड्यांच्या मध्ये तळं साचतं आणि तिथूनच आत शिरतं. विलायतेत हे लवकर ध्यानात आलं. १९३६ मध्ये बार्बर कंपनीनं मोटारसायकलच्या शर्यतीसाठी मेण दिलेल्या सुती कापडाचा खास पोशाख काढला. तो अर्थात पुरुष स्वारांसाठी होता.

आपल्याकडं गाडीवरची बाई कायद्याला दिसली ती मागं बसलेली. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ सांगतो की मागं बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण पाहिजे. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. नियम चांगला आहे, त्यानं कितीतरी जणी वाचल्या असतील. पण हँडल धरून पुढं बसलेली बाई रेनकोटवाल्यांना अजून पुरती दिसलेली नाही. दुकानात 'लेडीज' म्हणून जो हातात देतात तो घोट्यापर्यंतचा लांब अंगरखा असतो. तो चालणारीसाठी, स्टँडवर उभं राहणारीसाठी ठीक. गाडीवर बसलं की तो गुडघ्यापासून उघडतो, मांड्या भिजतात, आणि वाऱ्यानं फडफडणारं टोक चाकात जाण्याची भीती वेगळीच. डोक्यातून घालायचा घोळदार कोटही तसाच. गाडी चालवणारीनं हे दोन्ही घेऊच नयेत, फुकट मिळाले तरी. आपल्याला जाकीट आणि पँट असा जोड पाहिजे. 'जेन्ट्स'मधला घ्यायला लाजू नका.

जोड हातात आला की आधी तो उलटा करा. शिवणीवर आतून चकचकीत पट्टी चिकटवलेली आहे का बघा. मॅकिंटॉशच्या शिंप्याची भोकं त्या पट्टीनं बुजतात. खांद्याला आहे आणि पँटीच्या बैठकीला नाही, असंही असतं. बैठकीला नसेल तर तो जोड ठेवून द्या. पुढच्या चेनीवर पट्टी हवी, तिला दाबबटणं किंवा चिकटपट्टी हवी. लेबलवर कधी ३०००, कधी ५००० मिलिमीटर लिहिलेलं असतं. कापडावर नळी उभी करून तेवढ्या उंचीपर्यंत पाणी भरलं तरी पाझरत नाही, असा त्याचा अर्थ. आकडा मोठा तितकं बरं, पण तो कापडाचा असतो, शिवणीचा नाही. लेबलापेक्षा घरची परीक्षा खरी. पँटीच्या बैठकीचा खोलगट भाग बादलीवर धरून तांब्याभर पाणी ओता आणि चहा होईस्तोवर थांबा. खाली थेंब आला तर परत करा. म्हणून पावती घ्याच, आणि बदलून देणार का ते आधी विचारा.

माप एक नंबर मोठं घ्या. ड्रेसवरून चढलं पाहिजे आणि बसल्यावर पँट घोट्याच्या वर जायला नको. नऊवारीच्या काष्ट्यावर पँट झकास बसते. पाचवारीवाल्यांनी साडी वर खोचून पँट चढवावी, किंवा पावसाळ्यात ड्रेस घालावा. त्यावर कुणी बोललं तर बोलू द्या. पदर-ओढणी जाकिटाच्या आत. रंग पिवळा किंवा केशरी घ्या, पावसात ट्रकवाल्याला लांबून दिसतो.

आणखी एक. "ताई, रेनकोट गळतो" म्हणून आलेल्या निम्म्या जणींचा रेनकोट गळत नसतो, आतला घाम असतो. थर दिलेल्या कापडातून पाणी आत येत नाही तशी अंगाची वाफही बाहेर जात नाही. पाठीला किंवा काखेत जाळी असलेला जोड मिळाला तर थोडा फरक पडतो.

आमच्या एका गटातल्या ताईंनी स्वतःच्या बचतीतून असा जोड घेतला. पंधरा दिवसांत तो मालकांच्या अंगावर गेला आणि ताई मागच्या सीटवर प्लास्टिकचा कागद गुंडाळून. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "त्यांना गाडी चालवायची असते ना." पण इतर दिवशी गाडी त्याच चालवतात, रजिस्टर पिशवीत घेऊन. गटाच्या वहीत शेळीला कर्ज दिसतं, शिलाई मशीनला दिसतं, लग्नाला तर दिसतंच. रेनकोटासाठी कुणी मागितलेलं मी अजून पाहिलं नाही. गटानं ठरवलं तर अंतर्गत कर्जातून हेही देता येतं. जिचं काम गाडीवर चालतं तिचं ते अवजारच आहे. आणि वहीत बाईच्या नावावर लिहिलं की घरातही तो कुणाचा ते ठरून जातं.

दहा-बारा जणी मिळून ठोक दुकानात गेलात तर भाव कमी होतो आणि परीक्षा करून घ्यायलाही जोर येतो. वैशाखात जा. मृगाचा पहिला पाऊस पडला की दुकानदार भाव सोडत नाही. वापरून झाल्यावर जोड सावलीत वाळवा, खिळ्याला अडकवू नका, गरम पाणी आणि इस्त्री लावू नका. ओला घडी करून डिकीत ठेवला तर आतला थर पापडासारखा सुटतो. पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडं जुना जोड आहे त्यांनी तो घेऊन या. शिवणी उलट्या करून आपण सगळ्याच जणी बघू.