हुडकणे

हुडकणे : हरवलेली वा हवी असलेली वस्तू शोधणे. हे मराठी क्रियापद मराठवाडा, सोलापूर, कोल्हापूर या भागांत विशेष चालते. कन्नडमध्ये ‘हुडुकु’ म्हणजे शोध. दोन्ही भाषांच्या शेजाराची ही ठळक खूण. ‘शोधणे’ संस्कृत ‘शुध्’ धातूपासून आले, मुळात स्वच्छ करणे या अर्थी. म्हणूनच ते ग्रंथसंशोधनालाही शोभते. ‘हुडकणे’ मात्र हातांनी, डोळ्यांनी केलेली खटपट दाखवते: ‘कणगीमागं, उतरंडीत समदीकडं हुडकलं, पर किल्ली घावली न्हाई.’ मुलीसाठी स्थळ हुडकतात, रानात चुकलेले वासरू हुडकतात. ‘हुडकून काढणे’ म्हणजे चिकाटीने शोध तडीस नेणे. या शब्दाला गावंढळ म्हणणे चूक आहे. इतकी नेमकी छटा ‘शोधणे’ला नाही.