ठाण्याच्या पायरीवरचा ‘तू’

कोल्हारच्या या सभेत पोलीस प्रशिक्षणावर बोला, असा तुमचा आग्रह. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, कवायतीतलं मला काही कळत नाही. म्हणून एका शब्दापुरतंच बोलतो. ठाण्याची पायरी चढून आलेल्या माणसाला पोलिसाने ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’?

इंग्रजीत ही अडचण नाही. मराठीत मात्र पहिल्याच शब्दात माणसाची पायरी ठरते. धोतर मळकं असेल तर ‘काय रे’, कपड्याला इस्त्री असेल तर ‘या, बसा’. विद्यार्थी असताना माझी सायकल चोरीला गेली. एका ठाण्यात गेलो, तर पहिला प्रश्न आला, “काय रे, विकून तर नाही आलास?” तक्रार न देताच परतलो.

ही सवय जुनी आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी पोलीस दलाची घडी बसवली ती राज्य राखण्यासाठी. पुढे १९०२-०३ मध्ये सरकारनेच नेमलेल्या फ्रेझर आयोगाने नोंदवलं, की पोलिसांचं प्रशिक्षण सदोष आहे आणि लोक त्यांना भ्रष्ट व जुलमी समजतात. त्यानंतर १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला प्रशिक्षण शाळा निघाली. १९०९ मध्ये ती नाशिकला गेली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच.

पण शाळा निघाली आणि लगेच १९११ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. १८७१ चा मूळ कायदा उत्तर हिंदुस्थानपुरता होता, तो आता मुंबई इलाख्यालाही लागू करता येऊ लागला. नोंद झालेल्या जमातीच्या माणसाला हजेरी द्यावी लागे. म्हणजे कोण गुन्हेगार, हे जन्मावरूनच ठरलेलं! मग त्याचं ऐकायचं कशाला? ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. पण आपल्या नगर जिल्ह्यातल्या पारधी वस्तीवर जाऊन विचारा, तो ‘तू’ अजून गेलेला नाही.

गंमत बघा, १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचं, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं, कलम ६६ काय सांगतं? झडती घेताना विनाकारण उद्धटपणा करू नये, स्त्रिया आणि मुलांशी सभ्यतेने, सौम्यपणे वागावं. फौजदारी प्रक्रियेतही आहे, की दखलपात्र गुन्ह्याची तोंडी खबर लिहून घ्यावी आणि देणाऱ्याला वाचून दाखवावी. म्हणजे नीट बोलणं ही पोलिसाची मेहेरबानी नाही, ते त्याचं कर्तव्य आहे.

कुणी म्हणेल, “सर, गुन्हेगाराला कसलं आलंय तुम्ही-आम्ही?” महाराष्ट्र पोलिसांचं ब्रीद आहे, ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. पण सज्जन कोण, खल कोण, हे पायरीवर कुणालाच ठाऊक नसतं. ते न्यायालय ठरवतं. जोवर ठरलेलं नाही, तोवर प्रत्येकाला ‘तुम्ही’ म्हणणं हा शिष्टाचार नाही. आपल्याला अजून माहीत नाही, याची ती प्रामाणिक कबुली आहे.

यात फायदाही आहे. अमेरिकेतल्या टॉम टायलर यांनी १९९० च्या ग्रंथात दाखवलं, की लोक कायदा पाळतात ते केवळ शिक्षेच्या भीतीने नव्हे. आपलं ऐकून घेतलं, भेदभाव केला नाही, मान ठेवला, असं वाटलं तर मनाविरुद्धचा निर्णयही ते मानतात.

मग शिकवायचं कसं? दोन नवशिके समोरासमोर बसवा. एक तक्रार घेऊन आलेली वस्तीवरची बाई, दुसरा अंमलदार. ‘बसा’ म्हणायचं, मधे न तोडता ऐकायचं, लिहिलेलं वाचून दाखवायचं, पुढे काय होईल ते सांगायचं. मग भूमिका बदला.

आणि शेवटचं. मैदानावर महिनोन्‌महिने शिव्या खाल्लेला पोरगा ठाण्यात जाऊन दुसरं काय देणार? जे ताटात पडलं तेच तो वाढणार. तेव्हा पहिला ‘तुम्ही’ उस्तादाने त्या नवशिक्याला म्हणावा. सुरुवात तिथून होईल.