चहा कुणाचा?

चुलीला घर लागतं, स्टोला लागत नाही. हा साधा फरक मला फार मोलाचा वाटतो.

स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये काजळी न धरणारा रॉकेलचा स्टो बनवला. तोच प्रायमस. १९११ मध्ये अमुंडसेन यांच्या दक्षिण ध्रुव मोहिमेत तो होता, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही होता. आपल्या चाळींतल्या खोल्यांमध्ये तर त्यानं पिढ्यान्‌पिढ्या चहा उकळला.

चहा मात्र आपल्याकडे सुखासुखी एक झाला नाही. १९०३ च्या कायद्यानं चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. चहा स्टेशनांवर पोचला, पण फलाटावर आरोळी उठे ती ‘हिंदू चहा’, ‘मुसलमान चहा’ अशी. पत्ती तीच, दूध तेच, किटल्या वेगळ्या.

१९४५-४६ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेचे कैदी होते. त्यांनाही असाच वेगवेगळा चहा मिळे. गांधीजी भेटायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, मग तुम्ही काय करता? कैद्यांनी सांगितलं, आम्ही दोन्ही चहा निम्मे निम्मे मिसळतो आणि मग वाटून घेतो. गांधीजींना ही युक्ती फार आवडली. वास्तविक ते चहाचे विरोधक. १९४२ मध्ये कैदेत लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकात त्यांनी चहातल्या टॅनिनला दोष दिला आहे. सुटकेनंतर, मे १९४४ मध्ये, ते विश्रांतीसाठी आमच्या जुहूलाच राहिले होते.

त्याच जुहूच्या वाळूत, १९९० च्या सुमारास, आम्ही चार-पाच नवे कवी स्टो घेऊन जमायचो. हॉटेलात बसून राहायला पैसे नसत. स्टोचे पाय वाळूत रुतू नयेत म्हणून खाली फळी आणि वाऱ्याला पत्र्याचा आडोसा. वाटीत स्पिरिट पेटवून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. रॉकेलची वाफ बारीक छिद्रातून बाहेर पडून हवेत मिसळली, की निळी ज्योत घरघरू लागे. कुणी दूध आणी, कुणी आलं ठेची. पातेलं एकच, कपही पुरेसे नसत, त्यामुळे उष्ट्या कपाची पाळी लागे. कुणाचा कप कुणी घेतला, हे कुणी पाहत नसे.

याच उपनगरात भाड्याची खोली शोधताना मला आधी नाव सांगावं लागलं आहे, आणि नाव ऐकून बंद झालेले दरवाजेही मी पाहिले आहेत. वाळूला दरवाजा नव्हता. स्टोभोवती बसताना कुणाला परवानगी विचारावी लागली नाही.

आता रॉकेलच्या जागी गॅसची छोटी शेगडी आली, घरघर थांबली. चहा उकळताना भोवती बसायची जागा तेवढी मोकळी राहावी.