वऱ्हाडच्या इतिहासातील समुद्र

अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या काळ्या भूमीतून पश्चिमेकडे वाहत जाणारी पूर्णा चांगदेवाजवळ तापीस मिळते आणि तापीच्या मुखाने सुरतेखाली समुद्रास पोहोचते. परंतु नदीचा हा मार्ग वगळला, तर सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये वसलेल्या या मुलखाचा दर्याशी काही ऋणानुबंध असेल, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटणार नाही. तथापि मध्ययुगात चिनी, अरब आणि इराणी दर्यावर्द्यांनी जो व्यापार उभा केला, त्याच्याशी निगडित झालेल्या सत्तांच्या छत्राखाली वऱ्हाड दोन वेळा नांदला आहे. एकदा राष्ट्रकूटांच्या काळी आणि पुन्हा बहमनी अंमलात.

राष्ट्रकूट नाव धारण करणारे एक घराणे सातव्या शतकातच अचलपुराहून राज्य करीत होते, आणि पुढे मान्यखेटच्या बलाढ्य राष्ट्रकूटांपैकी तिसऱ्या गोविंदाचा इ. स. ८०० चा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील अंजनवती येथे सापडला आहे. या घराण्याच्या अधिपतीस अरब लेखक 'बल्हारा' म्हणत, आणि इ. स. ८५१ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या, सुलेमान नावाच्या व्यापाऱ्याशी जोडल्या जाणाऱ्या वृत्तांतात, बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट आणि रूमचा बादशहा यांच्या पंक्तीस जगातील चौथा थोर राजा म्हणून या बल्हाराची गणना केलेली आहे. ज्या राजकुलाची दानपत्रे वऱ्हाडच्या खेड्यात निघतात, त्या राजकुलाची कीर्ती इराणच्या आखातातील सिराफ बंदरापासून चीनमधील कँटनपर्यंत खलाशांच्या तोंडी असावी, ही गोष्ट आपण पुरेशी ध्यानात घेतलेली नाही.

इ. स. ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी अल् मसूदी चौल येथे आला, तेव्हा शिलाहार झंझ तेथे राष्ट्रकूटांचा मांडलिक म्हणून राज्य करीत होता. सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेले, तसेच याच भूमीत जन्मलेले, असे सुमारे १०,००० मुसलमान त्या परिसरात राहत असल्याचे मसूदी नमूद करतो. त्यांचे तंटे त्यांच्यातीलच एक प्रमुख सोडवीत असे, त्यास 'हुनरमन' म्हणत आणि त्याची नेमणूक राजा करी. याहूनही बोलका पुरावा पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे मिळालेल्या इ. स. ९२६ च्या ताम्रपटात आहे. तिसऱ्या इंद्राच्या राज्यात संजानचा सर्व कारभार मधुमती सुगतिप नावाच्या एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे सोपविलेला होता. त्याने नद्यांवर विनामोबदला नावा चालविल्या, वाटसरूंसाठी अन्नछत्र घातले आणि भगवतीच्या मठिकेस जमीन दान देण्यास संमती देऊन ते दान ताम्रपटावर कोरविले. परमुलखातून समुद्रमार्गे आलेल्या माणसाच्या हाती बंदराची सनद देणारी राज्यव्यवस्था किती आत्मविश्वासाची असली पाहिजे!

ज्या तारवांतून ही माणसे येत, ती लोखंडी खिळ्यांवाचून, फळ्यांस भोके पाडून व नारळाच्या काथ्याने शिवून सिद्ध केलेली असत. नाखुदा गाठी मारलेली दोरी बांधलेल्या लाकडी पट्टीने ताऱ्यांची उंची मापीत आणि मोसमी वाऱ्याची वेळ साधून हाकारीत. इ. स. ८७८ मध्ये बंडखोरांनी कँटन येथील परदेशी व्यापाऱ्यांची कत्तल केल्यावर अरब व चिनी जहाजांची गाठ मलाया किनाऱ्याकडील कलह बंदरात पडू लागली. बाराव्या शतकाच्या आरंभी चिनी खलाशी होकायंत्र वापरीत असल्याचा लेखी उल्लेख सापडतो. आणि चौदाव्या शतकात तर त्यांची प्रचंड गलबते थेट मलबारास लागत. इ. स. १३४२ मध्ये मुहंमद तुघलकाचा वकील म्हणून चीनच्या बादशहाकडे निघालेला इब्न बतूता दौलताबाद व नंदुरबार या मार्गाने बंदर गाठून कालिकतास गेला, तेव्हा तेथे त्याने १३ चिनी जहाजे पाहिली. मोठ्या जहाजावर ६०० खलाशी व ४०० शिपाई असत, शिडे वेळूच्या चटयांची असत आणि खलाशी लाकडी पिंपांत आले व भाजीपाला लावीत, असे तो लिहितो.

बहमनी काळात दख्खनच्या फौजेचे बळ घोड्यांवर होते, आणि उमदे घोडे होर्मुझहून जहाजात घालून चौल व दाभोळ येथे उतरवावे लागत. रशियन प्रवासी अफनासी निकितीन स्वतः असाच एक घोडा घेऊन चौलास आला होता. घोड्यांबरोबर माणसेही आली. बहमनी सुलतान फिरोजशहा विद्वानांना आणि उत्तम मालाला आणण्यासाठी दरसाल जहाजे पाठवी, असे इतिहासकार फेरिश्ता सांगतो. कवी हाफिजही दख्खनच्या आमंत्रणावरून होर्मुझला जहाजावर चढला, परंतु वादळ उठताच उतरून परत शिराजला गेला, ही आख्यायिकाही त्यानेच नोंदविलेली आहे. जे असे परतले नाहीत, त्यांत गिलानचा महमूद गावान होता. इ. स. १४५३ च्या सुमारास सौदागर म्हणून दाभोळास उतरलेला हा पुरुष पुढे वजीर झाला. जहाजे लुटणाऱ्या कोकणातील सत्ताधीशांचा त्याने मोड केला, गोवे जिंकले आणि प्रांतांची फेरविभागणी करताना वऱ्हाडचे गाविल व माहूर असे दोन तरफ केले.

त्यांपैकी गाविलचा तरफदार होता फत्तेउल्ला इमादुल्मुल्क. विजयनगरच्या ब्राह्मण कुळात जन्मलेला आणि बालपणी युद्धकैदी झालेला. समुद्रापलीकडून आलेले आफाकी आणि येथले दख्खनी यांच्यातील वैमनस्यापायी इ. स. १४८१ मध्ये महमूद गावानचा शिरच्छेद झाला, आणि त्या दुहीने खिळखिळ्या झालेल्या राज्यातून इ. स. १४९० मध्ये फत्तेउल्लाने वऱ्हाडची इमादशाही स्वतंत्र केली, ती इ. स. १५७४ पर्यंत टिकली. अकोला जिल्ह्यात नरनाळा किल्ल्याचा इ. स. १४८७ चा महाकाली दरवाजा त्याच्याच काळचा आहे. फिकट वालुकाश्मात कोरलेली कमळे, सज्जांच्या नाजूक जाळ्या आणि त्यांच्याजवळच अरबी अक्षरांच्या ओळी, असे हे काम पाहताना देशी पाथरवटांचा हात आणि परदेशातून आलेली लेखनकला एकाच दगडावर नांदताना दिसते.

म्हणून वऱ्हाडचा इतिहास केवळ गाविलगड, नरनाळा आणि अचलपूर यांच्या वेशीच्या आत बसून लिहिता येणार नाही. येथील तरफ कोणी पाडले, येथे स्वतंत्र शाही का उभी राहिली, या प्रश्नांची उत्तरे दाभोळच्या धक्क्यावर उतरलेल्या माणसांच्या चरित्रांत आहेत. ती तेथून शोधून आणणे हे आमच्या अभ्यासकांचे कर्तव्य आहे.